लाइन आली, लाइन गेली

पुण्या-मुंबईच्या घरातली 'लाइट' जाते. आमच्या हिंगोलीकडच्या घरातली 'लाइन' जाते. घटना एकच, वीजपुरवठा बंद पडण्याची. पण दोन्हीकडच्या माणसांनी तिला दोन वेगळी नावे दिली आणि माझ्या मते त्यामागे कारण आहे. शहरातल्या माणसाने विजेला ओळखले ते दिव्यामुळे. ती गेली की अंधार होतो, म्हणून 'लाइट' गेली. शेतकऱ्याने तिला ओळखले ते विहिरीवरच्या मोटारीमुळे. घरातला अंधार कंदील-चिमणीवर निभावता येत होता. मोटार मात्र खांबांवरून तारा ओढत शिवारापर्यंत आणल्याखेरीज फिरणार नव्हती. त्या तारा म्हणजे लाइन. मग तारांतून जे येते तेही लाइनच झाले.

"लाइन हाय का?"
"आत्ताच गेली की."
"कव्हा येती?"
"रात्री बाराला."

सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत, कुठल्याही गावच्या पारावर हा संवाद ऐकायला मिळेल आणि त्यात वीज हा शब्द एकदाही येणार नाही. आमच्याकडे वीज पडते ती आभाळातून. खांबावरून येते ती लाइन.

आता हेच वाक्य एखाद्या इंग्रजाला त्याच्या भाषेत सांगून पाहा. 'लाइन गेली' म्हटल्यावर तो बिचारा विचारील, कुठे गेली? ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात या एका शब्दाने पानेच्या पाने अडवली आहेत. पण आमच्या शेतकऱ्याने त्याला दिलेला अर्थ खास इथला आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. तेव्हापासून इंग्रजी शब्दांच्या घुसखोरीची चर्चा पुन्हा कानावर येऊ लागली आहे. चर्चा जरूर व्हावी. पण मी भाषेचा पंडित नव्हे, या भागात आयुष्य गेलेला आणि कान उघडे ठेवणारा एक माणूस आहे. मला या घुसखोरांपैकी एकाची चौकशी करावीशी वाटली. तो आला कुठून, इथे काय काम करतो आणि त्याच्या जोरावर आपली माणसे काय सोसतात, हे पाहावे म्हणून.

जवसाचा धागा

'लाइन'चे मूळ लॅटिन भाषेतल्या 'लिनम' या शब्दात आहे आणि लिनम म्हणजे आपले जवस. जवसाच्या खोडापासून धागा निघतो. त्या धाग्याला रोमन लोक 'लिनिआ' म्हणत. धागा ताणून धरला की सरळ रेघ मिळते, म्हणून रेघेलाही तेच नाव पडले. जवसाच्या धाग्याचे कापड ते लिनन आणि कोटाला आतून लिनन लावत म्हणून अस्तर झाले 'लायनिंग'. (आमच्याकडे 'लायनिंगचा शर्ट' म्हणजे मात्र रेघारेघांचा शर्ट.) युरोपने जवस पेरले ते तेलाबरोबरच धाग्यासाठीही, आपण पेरले ते तेलासाठी आणि भाकरीबरोबरच्या चटणीसाठी. म्हणजे ज्याला आपण परका म्हणतो त्या शब्दाची आजी आमच्या रब्बीच्या शिवारात पिढ्यान्‌पिढ्या निळी फुले घेऊन उभी होती. ओळख तेवढी नव्हती.

मूळचा हा धागा आजही एका माणसाच्या हातात जसाच्या तसा आहे. घराच्या पायाची आखणी करताना गवंडी दोन खुंट्यांना बांधून जी दोरी ताणतो, तिला तो 'लाइनदोरी' म्हणतो. अर्थाने पाहिले तर ही 'दोरीदोरी' झाली, जशी 'पावरोटी' म्हणजे 'रोटीरोटी'. पण रोमन गवंड्याला ती दोरी आणि तिचे नाव दोन्ही ओळखता आले असते.

हा शब्द आमच्या भागात आला तो पुस्तकातून आला नसावा. हिंगोली निजामाच्या राज्यात होती आणि इथे हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. शहरातली रिसाला बाजार, पलटन ही नावे त्या काळाची आठवण देतात. शिपायांच्या एका ओळीत बांधलेल्या खोल्यांना लष्करी बोलीत 'लाइन' म्हणत. त्यातूनच पुढे पोलीस लाइन आली आणि तिथे वाढलेला पोराचा 'लाइनबॉय' झाला.

छावणीनंतर आली ती आगगाडीची लाइन. पूर्ण्याहून निघालेली मीटरगेज लाइन निजामी अमदानीत हिंगोलीला येऊन संपत असे. स्वातंत्र्यानंतर ती पुढे अकोल्यावरून खांडव्यापर्यंत गेली आणि जयपूरहून काचीगुड्याला जाणारी मीनाक्षी एक्स्प्रेस आमच्या 'हिंगोली डेक्कन' स्टेशनावर थांबू लागली. २००८ साली अकोला ते पूर्णा हा मार्ग ब्रॉडगेज झाला. एक मीटर रुंदीची लाइन १.६७६ मीटरची झाली.

एकेरी मार्गावर समोरून गाडी येत नाही याची खात्री पुढच्या स्टेशनाकडून मिळाल्याखेरीज स्टेशनमास्तर गाडी सोडत नाही. त्या खात्रीला 'लाइन क्लिअर' म्हणतात आणि तिची खूण म्हणून ड्रायव्हरच्या हाती टोकन देण्याची पद्धत होती. रेल्वेची ही परिभाषा आमच्या घरांत कधी शिरली ते कळलेही नाही. थोरल्या बहिणीचे लग्न उरकले की धाकट्याला म्हणतात, "आता तुझी लाइन क्लिअर!"

रांग, बारी आणि लाइन

मराठीला सरळ रेघेसाठी शब्दांची वाण कधीच नव्हती. वहीवरची ती ओळ. पाटीवरची ती रेघ. तिफणीमागे उमटतो तो काकर, नांगराचे ते तास, पाण्यासाठी काढतात ती सरी, दोन शेतांमधला तो धुरा. इतके असूनही लाइन आली आणि टिकली ती कशी? मला वाटते, जुन्या शब्दांना तिने हात लावला नाही म्हणून. काकराला कुणी लाइन म्हणत नाही. जे जे नवे आले, त्या त्या कामावर ती रुजू झाली.

याची सर्वांत चांगली खूण औंढा नागनाथला सापडते. महाशिवरात्रीला तिथे माणसांचा समुद्र लोटतो. गाभारा जमिनीखाली, उतरण्याची वाट अरुंद. तासन्‌तास उभे राहिल्यावर वाकून आत उतरावे लागते. पण कुणी बाई 'मी नागनाथाच्या लाइनीत उभी होते' असे सहसा म्हणणार नाही. ती बारीत उभी असते, दर्शनाच्या रांगेत असते. तीच बाई रेशनच्या दुकानापुढे उभी राहिली की मात्र लाइनीत असते. खताच्या गाडीसाठी लाइन लागते आणि माणूस दमला की त्याच्या जागी त्याच्या चपला लाइनीत उभ्या राहतात. नोव्हेंबर २०१६मध्ये पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा बँकेपुढे लागली ती लाइनच. देवापुढे रांग, सरकारपुढे लाइन. उभे राहण्याचे कष्ट दोन्हीकडे सारखेच. पण बारीतल्या माणसाला ठाऊक असते की उशीर झाला तरी दर्शन होणार आहे. लाइनीतल्या माणसाला खिडकी कधी बंद होईल याचा भरवसा नसतो.

बाकी लाइनींची गणती करायची तर पान पुरणार नाही. दहावीनंतर पोराने सायन्स लाइन घ्यायची की आर्ट्‌स लाइन, यावर घरात खल होतो. पाहुणे विचारतात, "मुलगा कोणत्या लाइनीत आहे?" नोकरी लागली की पोरगं 'लायनीला लागलं', नाही लागली तर त्याला 'लायनीवर आणायला' मामाला बोलावतात. तेच पोरगं कॉलेजच्या फाटकाशी उभे राहून 'लाइन मारत' असेल तर समोरून 'लाइन मिळते' की नाही, हा त्याच्यापुढचा प्रश्न असतो. टेलिफोनच्या काळात ट्रंककॉल लावून लोक 'लाइन लागण्याची' वाट पाहत बसत. शेतकऱ्याने विहिरीवरून पाइपलाइन केली की गावात त्याचा भाव वाढतो.

सरकारने या शब्दाला मराठी पर्याय दिले नाहीत असे नाही. चांगले दिले. 'दारिद्र्यरेषा' हा अर्थवाही शब्द आहे, पण ग्रामपंचायतीत माणूस विचारतो, "बीपीएलमध्ये नाव हाय का?" आणि त्या 'एल'मध्ये पुन्हा लाइनच लपलेली असते. २००५ साली राज्य वीज मंडळाचे विभाजन झाले. पुढे महावितरणने लाइनमनला 'जनमित्र' असे गोड नाव दिले. २०१७ साली शेतीसाठी सौर वीज पुरवण्याची योजना आली, तिच्या नावात 'कृषी वाहिनी' आहे. वाहिनी म्हणजे वाहून नेणारी. शब्दात खोट नाही. पण खांबाखाली उभा राहून कुणी 'वाहिनी आली का' असे विचारीत नाही. जनमित्राला हाक मारायची वेळ आली की लोक लाइनमनलाच शोधतात.

रात्रीची लाइन

इथपर्यंतची गंमत इथे संपते.

शेतीच्या लाइनीचे आमच्याकडे दोन प्रकार: दिवसाची लाइन आणि रात्रीची लाइन. गावठाणाचा फीडर वेगळा, शेतीचा वेगळा. राज्यात वर्षानुवर्षे शेतीपंपांना आळीपाळीने दिवसा ८ तास किंवा रात्री १० तास थ्री फेज वीज देण्याची पद्धत राहिली. कागदावर पाहिले तर रात्र फायद्याची, दोन तास जास्त. शेतकऱ्याला विचारले तर तो ते दोन तास हात जोडून परत देईल.

हळदीचे पीक घ्या. वसमतच्या बाजारात हळदीचे ढीग पाहणाऱ्याला त्या पिवळ्या रंगामागची रात्र दिसत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर लावलेली हळद काढणीला येते जानेवारी ते मार्चच्या सुमारास. म्हणजे ऐन थंडीतही तिला पाणी हवे. गव्हालाही त्याच दिवसांत हवे. लाइन आली रात्री बाराला, तर माणसाने बाराला शेतात असायला हवे. डोक्याला मफलर, एका हातात बॅटरी, दुसऱ्यात खोरे. बर्फासारख्या पाण्यात उभे राहून एक सरी भरली की दुसरीचे तोंड मोकळे करायचे. त्या ओल्या चिखलात, त्या वेळी, मण्यारही बाहेर पडलेली असते. मण्यार निशाचर आहे आणि तिचा दंश अनेकदा फारसा दुखतही नाही. काटा टोचला असे समजून माणूस काम करीत राहतो. रानडुकरे असतात ती वेगळीच. घरी बायको जागी असते. फोन उचलला नाही तर मोटारीच्या आवाजात ऐकू आले नसेल, अशी ती स्वतःची समजूत घालते.

यावर शेतकऱ्याने शोधलेला उपाय म्हणजे ऑटो स्विच. लाइन आली की मोटार आपोआप सुरू. पण सुरू होताना मोटार एरवीच्या कित्येक पट विद्युतप्रवाह खेचते. लाइन येताक्षणी शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम उठल्या की डीपीवर भार पडतो, फ्यूज उडतो, कधी डीपीच जळते. डीपी जळाली की दुरुस्त होऊन येईपर्यंत सगळ्यांचीच लाइन गेली. म्हणून महावितरण ऑटो स्विच काढा म्हणते आणि शेतकरी म्हणतो, मग रात्री बाराला तुम्ही या. दोघांचेही म्हणणे खरे आहे, हीच यातली अडचण.

'ह्या आठवड्यात रात्रीची हाय' या चार शब्दांत एका कुटुंबाचा सगळा आठवडा मावलेला असतो. कुणाचे लग्न, कुणाचा दवाखाना, कुणाची झोप, सारे त्या लाइनीच्या मागे. आमच्याकडच्या माणसाला घड्याळात किती वाजले यापेक्षा लाइन कधी येणार हे अधिक नेमके ठाऊक असते.

'लाइन बंद आहे'

एकाच शब्दाचे अनेक अर्थ असणे बोलण्यात मौजेचे असते. खांबावर चढलेल्या माणसाला ते जिवावरचे असते. 'लाइन बंद आहे' हे वाक्य घ्या. ग्राहकाच्या तोंडी त्याचा अर्थ, माझ्याकडे वीज नाही. पण ती का नाही? बंद पडली आहे, की बंद केली आहे? पडलेली लाइन कोणत्याही क्षणी परत येऊ शकते. केलेली लाइन, ज्याने बंद केली त्याने सोडल्याशिवाय येत नाही. आणि बंद केली ती कोणती? याच खांबावरची, की पलीकडच्या फीडरची?

म्हणून लाइनमनच्या कामात बोलण्यावर विसंबत नाहीत. उपकेंद्रातून परमिट घ्यायचे, त्यावर फीडरचे नाव असते. स्विच उघडला आहे हे पाहायचे. तारेत दाब नाही याची तपासणी करायची. मग तारा जमिनीशी जोडायच्या, म्हणजे चुकून कुठून वीज आलीच तर ती माणसातून न जाता मातीत जाईल. कुणाच्या घरच्या जनरेटरमधूनही वीज उलटी तारांत शिरू शकते. एवढे झाल्यावरच हात लावायचा. या धंद्यातली जुनी माणसे नव्या पोरांना हेच शिकवतात, की जमिनीशी जोडलेली नाही ती लाइन चालूच समजायची, मग कुणी काहीही सांगो.

पण शिवारातल्या डीपीवर रात्री फ्यूज उडाला, लाइनमनकडे कित्येक गावे असल्याने तो सकाळपर्यंत येणार नाही, आणि पीक तर सुकते आहे, अशा वेळी शेतकऱ्याकडे परमिट नसते. असते ती एक सुकी काठी आणि बांधावरून कुणीतरी दिलेली आरोळी, "लाइन बंद हाय!" डीपीला चिकटून माणूस गेल्याची बातमी दर काही महिन्यांनी जिल्हापानावर चार ओळींत येते. त्या चार ओळींत त्या आरोळीचा उल्लेख नसतो.

दुसरे टोक

इतक्या साऱ्या लाइनींत समान असे काय आहे, याचा विचार करताना मला एक गोष्ट दिसली. काकर, तास, सरी, रेघ या आपण ओढतो. त्यांची दोन्ही टोके आपल्या हातात असतात. लाइनीचे मात्र एकच टोक आपल्याकडे असते. दुसरे टोक कुठेतरी दूर, दुसऱ्याच कुणाच्या हाती. विजेचे उपकेंद्रात, आगगाडीचे पुढच्या स्टेशनात, रेशनचे खिडकीआड, टेलिफोनचे एक्स्चेंजमध्ये. आणि लाइन मारणाऱ्या त्या पोराचे तर फाटकाच्या आत! म्हणून लाइनीला जोडून येणारी आपली क्रियापदे पाहा: लाइन येते, जाते, लागते, मिळते. ती आपण करत नाही. तिची वाट पाहतो.

या माळेतला सर्वांत नवा मणी 'ऑनलाइन'. पीकविमा ऑनलाइन केला का, सातबारा ऑनलाइन झाला का, असे आता म्हाताऱ्याही विचारतात. 'ऑनलाइनवाला' हा गावातला नवा धंदा झाला. त्याच्या दुकानापुढेही लाइन लागते. तिथेही दुसरे टोक कुठे आहे ते कुणाला ठाऊक नसते; 'सर्व्हर डाऊन आहे' एवढेच कळते.

२०२४ साली राज्य सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ या काळासाठी मोफत वीज जाहीर केली. बिल माफ झाले, हे मोठेच काम झाले. पण वाट पाहणे बिलात धरलेले नसते, त्यामुळे ते माफ होत नाही. अलीकडे शिवारांत सौरपंप दिसू लागले आहेत आणि सौर योजनेतून शेतीला दिवसा वीज देण्याचे कामही पुढे सरकते आहे. ज्याच्या विहिरीवर पत्रे बसले, तो ऊन असेतोवर पाणी देतो आणि रात्री घरी झोपतो. ढग आले की त्याचेही अडते. पण तो आभाळाकडे पाहून ठरवतो. आभाळाची वाट पाहण्याची सवय त्याच्या आजोबालाही होतीच.

औंढा तालुक्यात दुधाळ्याच्या शिवारात गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो-इंडिया' वेधशाळा व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ साली तिला अंतिम मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या एकमेकींशी काटकोनात असतील आणि त्यांतून लेसरचा किरण धावेल. तेवढ्या अंतरात पृथ्वीचा गोलावाही मीटरभराहून अधिक भरतो, तो हिशेबात धरून नळ्या सरळ ठेवाव्या लागतात. तिथे गवंड्याची लाइनदोरी पुरी पडायची नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरीची वाट पाहत शास्त्रज्ञ तिथे रात्री जागतील. आमच्या तालुक्याला जागरण नवे नाही, एवढे मी त्यांना सांगू शकतो.

मराठीचा पुढचा मोठा शब्दकोश कुणी करील, तेव्हा त्याने या शब्दाला परका म्हणून वगळू नये. सरळ नोंद करावी. 'लाइन, स्त्रीलिंगी नाम : तारांतून शेतापर्यंत येणारी वीज, ही बहुधा रात्री येते.' आणि त्यानंतरच्या आवृत्तीत या नोंदीचा शेवटचा भाग खोडण्याची वेळ संपादकावर यावी. शब्द राहू द्या. रात्र तेवढी जाऊ द्या.